पाठीवरच्या काड्या

१

सकाळी तबेल्यात शिरले की मी कोणाचं तोंड बघत नाही, आधी पाठ बघते.

म्हातारा घोडा रात्री झोपला की नाही, हे ओळखायचा एवढा एकच मार्ग मला ठाऊक आहे. कुशीवर, पाठीवर, आयाळीत पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या असल्या की समजायचं, स्वारी आडवी झाली होती. अंग स्वच्छ असेल तर रात्र उभ्यानेच काढली. म्हणून खरारा हातात घेण्याआधी मी काड्या बघते. ताईने शिकवलेली ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट अशी. घोडे उभ्याने झोपतात हे अर्धंच खरं. उभ्याने ते नुसती डुलकी काढतात. गाढ झोप हवी तर त्यांना आडवं व्हावंच लागतं, आणि आडवा झालेला घोडा चटकन उठून पळू शकत नाही. तेव्हा बाकीचे निजले की एक जण उभा राहतो. त्याच्या भरवशावर इतरांचा डोळा लागतो. हे ऐकून मी हसले होते. एका मोठ्या इस्पितळात मी तीस वर्षं नर्स होते आणि माझी नेमणूक होती रिकव्हरी रूमला. ऑपरेशन झालेला पेशंट भुलीतून शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या उशाशी उभं राहायचं, हेच माझं काम.

"म्हणजे मी तुझ्या घोड्यांमधली उभी राहणारी," मी म्हटलं होतं.

"तू त्यांच्याइतकी शहाणी कुठली!" ताई म्हणाली.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. कोणाला नकोसे झालेले म्हातारे घोडे ती आणून सांभाळायची. ती आजारी पडली म्हणून मी आठ दिवसांसाठी इथं आले. तिला जाऊन तीन वर्षं झाली, मी अजून इथंच आहे. वस्तीपासून लांब घर, घरामागे चार ठाणांचा तबेला, त्यामागे कुरण. शेजार नाही. फोन वाजला तर भाचीचा, नाहीतर चुकून लागलेला. चुकून लागलेल्या फोनवरही मी दोन मिनिटं बोलून घेते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

घोडे चार होते. विटांच्या गाड्या ओढून पाठ खचलेला मुकादम. घोडेस्वारीच्या शाळेत वीस वर्षं गोल फिरलेला कारकून. कुरणात मोकळा सोडला तरी तो गोलच चालायचा. बागेत पोरांना पाठीवर घेऊन कंटाळलेली चिमी, बुटकी तट्टाणी. आणि सासूबाई, पांढरी थोराड घोडी. तिला पेंढ्यावर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बाकी तिघं निजली की ती दाराजवळच्या ठाणात कान टवकारून उभी असायची. ती स्वतः कधी झोपायची देव जाणे. थंडी संपता संपता एका सकाळी ती उभ्यानेच भिंतीला कलली आणि गेली.

२

त्यानंतर काड्या दिसेनाशा झाल्या.

पहिले दोन-तीन दिवस मला वाटलं, सुतक पाळत असतील. आठवड्याने मात्र माझा धीर सुटला. तीन ठाणांत पेंढा मी पसरला तसाच्या तसा असायचा, घडी न मोडलेल्या चादरीसारखा. आणि मुकादम पडायला लागला. उभ्या उभ्या त्याची मान खाली जायची, आणखी खाली जायची, आणि एकदम पुढचे पाय दुमडून तो गुडघ्यांवर आदळायचा. मग दचकून उठायचा आणि कोणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेने इकडेतिकडे बघायचा. दोन्ही गुडघ्यांची सालटं निघाली होती. मी धुऊन पट्टी बांधायची, दुसऱ्या दिवशी पट्टी रक्ताने भिजलेली.

जनावरांचे डॉक्टर ताईचे जुने स्नेही. ते येऊन गुडघे बघून गेले.

"आजार नाही हा, सिस्टर. झोप नाही त्याला."

"मग झोपेचं औषध द्या."

"घोड्याला? आणि आडवा पडला तो उठलाच नाही तर? तुम्ही भुलीवाल्या, तुम्हाला मी काय शिकवू! एखादी नवी घोडी आणा. कोणीतरी उभं राहणारं पाहिजे त्यांना."

"घोडी काय वाटेवर पडलीय, डॉक्टर?"

त्यांनी पिशवी बंद केली. "महिनाभर बघू. गुडघे असेच फुटत राहिले तर मला सुई घेऊन यावं लागेल. त्याचे हाल नको करायला."

कोणती सुई ते मला सांगायला नको होतं. मुकादम माझ्या खिशात नाक खुपसून उभा होता. खिशात काही नव्हतं, तरी त्याने नाक काढलं नाही. ताईने जाताना मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. पोरीशी भांडू नकोस, आणि मुकादमला शेवटपर्यंत सांभाळ.

ताईच्या खोलीतली लाकडी खुर्ची मी उचलली आणि तबेल्यात नेऊन ठेवली. उभं राहणारं पाहिजे ना? मी उभी राहते.

३

वेळ ठरवली दुपारची, दोन ते चार. त्या वेळी कुरण तापतं, माश्या येतात, घोडे आपणच आत येतात. चारी ठाणं एका रांगेत, मध्ये कमरेएवढ्या फळ्या, पुढे आडवा दांडा. दाराजवळचं सासूबाईचं ठाण रिकामं. मी त्या ठाणाला पाठ करून, तिघांकडे तोंड करून उभी राहायची. पाय दुखले की घटकाभर खुर्चीत टेकायची, पण डोळे उघडे.

आठ दिवस त्यांनी मला अजिबात मोजलं नाही. दोन पायांच्या बाईवर कोण विश्वास ठेवणार! नवव्या दिवशी चिमी खाली बसली. मग मान टाकून सरळ आडवी. पाठोपाठ कारकून. आणि सगळ्यांत शेवटी, माझ्याकडे एकदा नीट बघून घेऊन, मुकादम. बोजड सामान उतरवावं तसं त्याने स्वतःला हळूहळू उतरवलं आणि थोड्या वेळाने घोरायला लागला. मी रडले. खरंच रडले, आवाज न करता. इतक्या वर्षांत कोणी माझ्या भरवशावर डोळे मिटले नव्हते.

नंतरचं नीट सांगते, कारण इथंच मी चुकले.

दुपारची सुस्ती, तिघांचा संथ श्वास, आणि तीन वर्षांची माझी अपुरी झोप. मी खुर्चीत टेकले होते. पापण्या जड झाल्या. तेवढ्यात पाठीमागे, सासूबाईच्या ठाणात, कोणीतरी आलं. दार वाजल्याचं आठवत नाही. पेंढा दबला. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला गेला. मग नाकातून सोडलेला एक लांब श्वास. माझ्या मनात आलं ते इतकंच: बदली आली वाटतं. जन्मभराची सवय ती. पाठीशी असा आवाज झाला की समजायचं, पुढची नर्स आली. मी निर्धास्त झाले आणि झोपले.

जागी झाले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मान अवघडली होती. तिघंही अजून आडवी होती. गाढ.

आधी बरं वाटलं. मग हिशेब लागेना. मी झोपले होते, घोडे झोपले होते. उभं कोण होतं?

४

मी काही भाबडी बाई नाही. भुलीतून उठणारे पेशंट काय काय बघतात ते मी तीस वर्षं ऐकलंय. कोणाला छतावर बाप दिसतो, कोणाला पायथ्याशी कुत्रा. त्यांना मी सांगायची, औषधाचा परिणाम आहे, डोळे उघडा, तुमचं नाव सांगा. तेच मी स्वतःला सांगितलं. मी झोपल्याचं घोड्यांना कळलं नसेल. खुर्चीतली बाई म्हणजे जागी बाई, असा त्यांचा समज झाला असेल.

पडताळून बघायला दुसऱ्या दिवशी मी खुर्ची रिकामी ठेवली आणि घरात गेले. चारला परत आले. तिघांच्या पाठीला काड्या.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मुकादमचे गुडघे वाळायला लागले. आणि मी, जिला ताई गेल्यापासून तासभर सलग झोप नव्हती, ती दुपारी स्वतःच्या बिछान्यावर पडून डाराडूर झोपायला लागले. माणूस फायद्याच्या गोष्टीची फार चौकशी करत नाही. मीही नाही केली.

पण मनात एक नाव आलं होतं, ते खोटं कशाला बोलू. ताई.

त्याचंही कारण आहे, आणि ते मी कोणाला सांगितलेलं नाही. ताई गेली तेव्हा मी सलग तीन दिवस तिच्या उशाशी होते. भाची वाटेवर होती. मदतीला ठरवलेली बाई दुपारी दोनला येणार होती. आमच्या कामात एक नियम आहे. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. नुसती आली हे पुरत नाही. तिचा चेहरा बघायचा, तिला प्रत्येक पेशंट दाखवायचा, ती "घेतले" म्हणाली की मग वळायचं. त्या दुपारी माझ्या खुर्चीमागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. लाकडी जमीन दबली, भार एका पायावरून दुसऱ्यावर गेला, लांब श्वास. "आलात? बघा जरा," मी मान न वळवता म्हटलं आणि डोळे मिटले. सव्वाचारला जाग आली तेव्हा ताई गेलेली होती. खोलीत कोणी नव्हतं. ती बाई आलीच नव्हती. तिची गाडी चुकली होती, तसा निरोपही फोनवर पडला होता.

तोच आवाज तबेल्यात आला, तेव्हा मी ठरवून टाकलं की ती ताईच होती. त्या दिवशी स्वतःच माझ्या मागे येऊन उभी राहिली असेल, मला म्हणाली असेल, झोप गं थोडी. आणि आता तिच्या घोड्यांसाठी आली. एवढं ठरवल्यावर किती हलकं वाटलं! दोन वाजता मी तबेल्याचं दार लोटून घ्यायची आणि म्हणायची, "ताई, सांभाळ गं." उत्तर कधी आलं नाही. ताई तशीही दुपारी बोलायची नाही.

रविवारी भाचीचा फोन आला.

"मावशी, आवाज बरा वाटतोय आज."

"झोप होते हल्ली."

"एकटीला भीती नाही वाटत?"

"एकटी कुठली?" मी म्हणून गेले. मग सावरून घेतलं, "तिघं आहेत की."

५

नालबंद दीड महिन्याने एकदा खूर तासायला येतो. कमी बोलतो. त्याचं लक्ष कायम जमिनीकडे.

तिघांचे खूर तासून झाले. तो हत्यारं गोळा करताना थांबला आणि सासूबाईच्या ठाणात वाकून बघायला लागला.

"सिस्टर, इथं कोण बांधता?"

"कोणी नाही. घोडी गेली तेव्हापासून रिकामंच आहे."

"पेंढा नवा दिसतोय."

"ती गेल्यावर ठाण धुऊन घातला. असू दे म्हटलं."

त्याने हाताने पेंढा बाजूला केला. खाली मातीत दोन खळगे होते, गोल, चांगले बोटभर खोल. "घोडं असतं तर चार पडले असते," तो म्हणाला. मग स्वतः त्या खळग्यांवर उभा राहिला, दोनदा उड्या मारल्या, खाली बघितलं. त्याच्या बुटांचा ठसाही नीट उमटला नाही. दणकट गडी आहे तो.

"उंदीर असतील," मी म्हटलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"आणि हा खांब," तो म्हणाला. कोपऱ्यातला खांब मी मागच्या उन्हाळ्यातच बदलून घेतला होता, अजून खडबडीत होता. एका जागी मात्र गुळगुळीत झालेला. कोणी रोज खांदा टेकून उभं राहिलं तर होईल तसा. नालबंदाने हात वर केला. त्याचा हात तिथं जेमतेम पोचला.

ताई माझ्या कानाएवढी होती.

नालबंद गेल्यावर मी तो खांब पुन्हा हाताने चाचपला. मग स्वतःला म्हटलं, जुनं लाकूड सुताराने नवं म्हणून लावलं असेल. दोन वाजले होते. मी दार लोटून घेतलं. त्या दिवशी "सांभाळ" म्हटलं नाही, पण दार लोटलं आणि घरात येऊन झोपले. याची मला आजही लाज वाटते.

६

दुसऱ्या दिवशी चारला गेले तेव्हा कारकून उठला नाही.

कुशीवर पडला होता, पाय सैल, अंगावर काड्या. हात लावला तर थंड पडत चाललेला. मुकादम आणि चिमी उठून भिंतीला चिकटून उभी होती. मी गुडघे टेकून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बिचारा, जन्मभर गोल फिरला आणि शेवटी एका जागी थांबला.

डॉक्टर आले. "झोपेतच गेला. एवढ्या वयात असं मरण म्हणजे भाग्य, सिस्टर. रडू नका."

मी रडत नव्हते. मी त्याचे डोळे बघत होते.

"डॉक्टर, हे तुम्ही मिटलेत?"

"काय?"

"डोळे."

"नाही. असेच होते की." ते पिशवी आवरत होते. मग त्यांचाही हात क्षणभर थांबला. "असेल काहीतरी," ते म्हणाले.

मेल्यावर डोळे असे आपोआप मिटत नाहीत. माणसाचेही बहुतेक वेळा नाही, घोड्याचे तर मी कधी पाहिले नाहीत. कोणाला तरी पापण्या खाली ओढून धराव्या लागतात. नोकरीत ते काम मी कितीदा केलं असेल, मोजदाद नाही. हलक्या हाताने करायचं असतं, आणि थोडा वेळ दाबून ठेवायचं असतं. कारकुनाच्या दोन्ही पापण्या व्यवस्थित मिटलेल्या होत्या. चांगल्या नर्सने मिटाव्यात तशा.

आणि सव्वाचारला मला जाग आली तेव्हा ताईचे डोळे तसेच मिटलेले होते. ते मी मिटले नव्हते. तीन वर्षं मी ही गोष्ट आठवायची टाळली होती. ती मग सबंध आठवली.

७

भाचीला फोन केला. काय झालं ते नाही सांगितलं; सांगितलं एवढंच, की मला आता झेपत नाही. पोरगी गुणाची. दोन दिवसांत तिने एक मोठं आश्रयस्थान शोधलं. तिथं तीसेक घोडे, माणसं, सगळं. मुकादम आणि चिमीला ते घेणार होते. गाडी दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी येणार, आणि भाची स्वतः येऊन मला तिच्याकडे घेऊन जाणार.

डॉक्टरांनी अट घातली. "सहा तासांचा प्रवास उभ्याने करायचाय. मुकादमचे गुडघे धड असले तर मी त्याला गाडीत चढवीन. नसले तर त्याला इथंच निरोप देऊ."

म्हणजे मुकादमला रोज झोपवणं भाग होतं. मी पुन्हा उभी राहिले. दोन दिवस नुसती मी असताना तो काही केल्या बसेना. मान खाली जायची, तो पडता पडता सावरायचा आणि माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. वाट बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याची नजर एका जागी ठरली, त्याचे कान सैल पडले आणि तो खाली बसला. चिमीही बसली. म्हणजे ते आलं होतं.

माझ्या पाठीमागे पेंढा दबला. लांब श्वास.

मला पळता आलं असतं. पण मी गेले असते तर निजलेल्या मुकादमपाशी ते एकटंच राहिलं असतं. ती चूक मी दोनदा केली होती. नियम मला पाठ होता: चेहरा बघायचा. मी वळले.

तुळई जमिनीपासून साडेसात फूट आहे. तिच्याखाली ते मान वाकवून उभं होतं, कारण सरळ उभं राहायला जागा नव्हती. दमलेला घोडा मागचा एक पाय ढिला सोडतो, तसा एक पाय सोडलेला. खांदा खांबाला टेकलेला. मी खालून वर बघत गेले. छातीपर्यंत पोचले आणि माझी मान त्यापुढे वर झाली नाही. एवढं मात्र दिसलं की त्याचं तोंड घोड्यांकडे नव्हतं. मधल्या रिकाम्या खुर्चीकडे होतं.

"ड्यूटी माझी आहे," मी म्हटलं. "मी सोडलेली नाही."

ते हललं नाही. मी पुन्हा मुकादमकडे तोंड केलं आणि उभी राहिले. चार वाजेपर्यंत आम्ही दोघंही उभी होतो. चारला पाठ हलकी झाली, तेव्हा कळलं की ते गेलं. खुर्ची मी त्याच संध्याकाळी फोडून चुलीत घातली.

८

त्यानंतर दहा दिवस असेच गेले. दुपारी मुकादम झोपतो, त्याच्यासाठी ते उभं राहतं, आणि त्याच्यावर पहारा म्हणून मी. गुडघ्यांवर नवी कातडी धरली. डॉक्टर खूश. "काय केलंत तरी काय, सिस्टर?" मी म्हटलं, "सेवा." रात्री मी घरात दिवे लावून, कुठंही न टेकता फिरत राहायची. बसले तर झोप लागेल अशी भीती. भाची फोनवर विचारायची, "मावशी, झोपतेस ना गं?" आणि मी हो म्हणायची.

आज बुधवार. दोनला मी उभी राहिले. मुकादम बसला, चिमी बसली, मागे पेंढा दबला. मी पाढे म्हटले. तीस वर्षांतल्या पेशंटांची आडनावं आठवली. तीन वाजल्याचं मी घड्याळात पाहिलं.

नंतरचं मला माहीत नाही.

जाग आली ती धक्क्याने. मी आडवी होते. मुकादमच्या ठाणापुढचा दांडा मोडून पडला होता आणि तो माझ्यावर उभा होता, चारी पाय माझ्या दोन्ही बाजूंना रोवून. तोंड सासूबाईच्या ठाणाकडे. कान मागे पडलेले. सगळं अंग थरथरत होतं. त्याला चिकटून, आपल्या दांड्याखालून निसटलेली चिमी, तीही तिकडेच तोंड करून. दोघांच्या अंगावरच्या काड्या कधीच झडून गेल्या होत्या. मुकादमचे दोन्ही गुडघे फुटून रक्त माझ्या बाहीवर ठिबकत होतं. तो किती वेळा पडला असेल आणि किती वेळा उठला असेल, कोण जाणे.

त्या ठाणात तेव्हा कोणी नव्हतं. साडेचार झाले होते.

मी उठून बसले तेव्हा लक्षात आलं की मला अर्धंच दिसतंय. उजवा डोळा उघडा होता. डावा उघडेना. मी दोन बोटांनी पापणी वर केली. ती जड होती, कोणीतरी बराच वेळ दाबून धरल्यासारखी. मग अंगातला स्वेटर काढला. पाठभर काड्या होत्या. केसांतही.

मुकादमचे गुडघे मी धुतले, पट्ट्या बांधल्या. डॉक्टरांना कळवलेलं नाही. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तो उभ्यानेच डुलक्या घेतोय, आणि मी त्याच्या मानेखाली खांदा देऊन उभी आहे. "झोप रे बाबा, मी आहे," असं आज त्याला म्हणवत नाही. भाची रविवारी सकाळी येईल. मध्ये तीन दुपारी आहेत.